मोटारीच्या कॉइलला ताप कां येतो?

सकाळच्या गारव्यांत जुनी मोटार एका हांकेसरशीं सुरू होते, गल्लींतून डौलानें बाहेर पडते, शहराची हद्द ओलांडते. आणि अर्ध्या तासानें, चढ लागतांच, एकदां अडखळते, दोनदां अडखळते आणि रस्त्याच्या कडेला मुकाट्यानें उभी राहते. झांकण उघडून पाहावें तों पेट्रोल आहे, पाणी आहे, तेल आहे. मुलें झाडाखालीं बसतात, वडील माणसें घड्याळाकडे पाहतात. पाऊण तासानें कोणीतरी सहज किल्ली फिरवून पाहतो, तों गाडी कांहींच घडलें नाहीं अशा थाटांत पुन्हां चालूं लागते! जुन्या मोटारी बाळगणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव नवा नाहीं. या लहरीपणाचें कारण पुष्कळ वेळां इंजिनाजवळ बसविलेल्या एका लहानशा काळ्या डब्यांत सांपडतें. त्या डब्याला कॉइल म्हणतात. अशा वेळीं हात लावून पाहिला तर तो चटका बसण्याइतका तापलेला असतो. हा ताप कां येतो, तो कसा ओळखावा आणि त्याचें मूळ कसें शोधावें, हें समजून घेण्यास यंत्रशास्त्राची पदवी लागत नाहीं. शाळेंत शिकलेला गुणाकार-भागाकार आणि थोडासा धीर एवढी सामग्री पुरते.

प्रथम या डब्याचें काम काय तें पाहावें. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण दाबलें जातें आणि ऐन क्षणीं त्यांत ठिणगी पाडली जाते. ठिणगी ज्या दोन टोंकांमध्यें पडावयाची त्यांतील अंतर एक मिलिमीटरहूनहि कमी असतें. परंतु दाबलेल्या मिश्रणांतून एवढी लहान उडी मारण्यासहि विजेला कित्येक हजार व्होल्टचा दाब लागतो. बॅटरी तर बिचारी सहा किंवा बारा व्होल्टची! सहाचे दहा हजार करण्याची करामत कॉइल करते.

ही करामत म्हणजे जादू नव्हे. विजेचा प्रवाह ज्या तारेंतून वाहतो तिच्याभोंवतीं चुंबकत्व उत्पन्न होतें, आणि हें चुंबकत्व वाढूं वा घटूं लागलें कीं जवळच्या दुसऱ्या तारेंत वीज उत्पन्न होते, ही गोष्ट मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३१ सालीं प्रयोगानें दाखवून दिली. कॉइलच्या डब्यांत लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्याभोंवतीं तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं असतात. एक जाड तारेचें, कांहीं शें वेढ्यांचें. दुसरें केंसासारख्या बारीक तारेचें, हजारों वेढ्यांचें. बॅटरीचा प्रवाह जाड वेटोळ्यांतून वाहूं लागला कीं गाभा चुंबक बनतो. तो प्रवाह एकदम तोडला कीं चुंबकत्व क्षणार्धांत कोसळतें आणि बारीक वेटोळ्यांत प्रचंड दाबाची वीज उसळते. भरधांव वाहणाऱ्या पाण्याचा नळ एकाएकीं बंद केला असतां नळ कसा दणका देतो तें घरोघरीं ठाऊक आहे. कॉइलची ठिणगी हा विजेचा तसाच दणका होय.

प्रवाह जोडण्याचें व तोडण्याचें काम 'पॉइंट' नांवाच्या दोन लहान टिकल्या करतात. इंजिनाबरोबर फिरणारा एक कंगोरेदार दांडा त्यांना उघडतो व मिटूं देतो. टिकल्या उघडतांना त्यांच्यामध्येंच ठिणगी पडून त्या जळूं नयेत आणि प्रवाह झटकन तुटावा म्हणून शेजारीं 'कंडेन्सर' बसविलेला असतो. आणि तयार झालेली वीज चार प्लगांना पाळीपाळीनें वांटून देणाऱ्या भागाला 'डिस्ट्रिब्यूटर' म्हणतात. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असतां या टिकल्या मिनिटाला चार हजार वेळां उघडतात व मिटतात. सेकंदाला सदुसष्ट ठिणग्या! एवढें काम एक ओंजळींत मावणारा डबा वर्षानुवर्षें बिनबोभाट करतो, हेंच खरें नवल आहे.

बॅटरी, पॉइंट आणि कॉइल यांची ही जोडणी अमेरिकेंतील चार्ल्स केटरिंग या यंत्रज्ञाच्या कल्पकतेनें १९१० सालच्या कॅडिलॅक मोटारींत आली. फोर्ड कंपनीच्या जगप्रसिद्ध 'टी' गाडींत मात्र १९०८ पासून १९२७ पर्यंत प्रत्येक सिलिंडरला एक याप्रमाणें चार गुणगुणणाऱ्या कॉइल लांकडी पेटींत बसवीत. तिच्या मागून डिसेंबर १९२७ मध्यें 'ए' गाडी आली, आणि तिच्यांत एकच कॉइल, सहा व्होल्टची बॅटरी व डिस्ट्रिब्यूटर अशी नवी मांडणी होती. १९३१ पर्यंत या गाड्या सुमारें ४८ लाख निघाल्या. हिंदुस्थानांत फोर्डची कंपनी १९२६ सालीं स्थापन झाली होती, आणि उजव्या बाजूस सुकाणूचें चक्र असलेल्या या गाड्या तिच्या द्वारें येथें येत. त्यांपैकीं कांहीं आजहि जुन्या घराण्यांच्या गोठ्यावजा गॅरेजांत जिवंत आहेत. म्हणून उदाहरणादाखल हीच गाडी घेणें सोयीचें आहे.

पुण्यांतील एक कुटुंब कल्पावें. घरांत १९३० सालची फोर्ड 'ए' आहे. आजोबांच्या वडिलांनीं ती घेतलेली. वर्षांतून एकदां या गाडींतून दिवेघाट चढून जेजुरीस कुलदैवताच्या दर्शनाला जावयाचें, हा त्या घरचा रिवाज. सहा व्होल्टची बॅटरी बाजारांत मिळेनाशी झाली, दिव्यांचा उजेडहि मंद पडूं लागला, म्हणून दोन वर्षांपूर्वीं मिस्त्रीनें बारा व्होल्टची बॅटरी बसविली, दिवे बदलले, डायनामोचीहि व्यवस्था लावली. गाडी पूर्वींपेक्षां चटकन सुरू होऊं लागली, घरांत आनंदीआनंद झाला. पण पहिल्याच लांबच्या प्रवासांत कॉइल जळाली. नवी आणली, "बारा व्होल्ट" असें तिच्यावर छापलेलें पाहूनच आणली. तीहि घाटांत तापून बंद पडली आणि पुढें कांहीं दिवसांनीं कायमचीच गेली. तिसरी आणली. तिच्याबरोबर नवे प्लग, नवे पॉइंट व नवा कंडेन्सरहि आला. तरी तिसऱ्या वर्षीं गाडी घाटाच्या नेमक्या वळणावर दिवेलागणीच्या सुमारास उभी राहिली. मागून मालानें भरलेला ट्रक वळण घेत होता. ब्रेक वेळेवर लागले म्हणून अनर्थ टळला. त्या रात्रीं घरीं परतल्यावर आजोबांनीं गाडी विकून टाकण्याचा निश्चय बोलून दाखविला. गाडीवरची माया आटली म्हणून नव्हे. नातवंडांना पुन्हां त्या वळणावर उभें करावयाचें नाहीं म्हणून.

या घराची चूक कोठें झाली? तापलेला भाग हाच बिघडलेला भाग, असें सर्वांनीं गृहीत धरलें. वैद्य रोग्याच्या अंगाला हात लावून ताप आहे एवढें जाणतो. पण ताप हें लक्षण आहे, रोग नव्हे, हेंहि तो जाणतो. कॉइलच्या बाबतींत तेंच. तिला कोणी तापविलें हा प्रश्न विचारल्यावांचून नवी कॉइल बसविणें म्हणजे गळकें छप्पर तसेंच ठेवून खालची सतरंजी बदलणें होय.

पण त्याहिपूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा. गाडी थांबते ती खरोखर कॉइलमुळेंच काय? अर्धा तास चालून थांबावें, विश्रांति घेऊन पुन्हां चालावें, हें लक्षण दुसऱ्या दोन रोगांतहि दिसतें. फोर्ड 'ए'ची पेट्रोलची टाकी समोरच्या कांचेखालीं उंचावर असते आणि पेट्रोल आपल्या वजनानेंच कार्ब्युरेटरमध्यें उतरतें. टाकीच्या झांकणास हवा आंत येण्यासाठीं जें छिद्र असतें तें धुळीनें बुजलें कीं टाकींत पोकळी निर्माण होते व पेट्रोल उतरेनासें होतें. कांहीं वेळानें हवा कशीबशी शिरते आणि गाडी चालूं लागते. असा संशय आल्यास गाडी थांबतांच झांकण सैल करून पाहावें; आंत हवा शिरल्याचा आवाज होऊन गाडी लगेच सुरू झाली तर चोर सांपडला! दुसरा रोग उन्हाळ्याचा: तापलेल्या इंजिनाजवळच्या नळींत पेट्रोल उकळून त्याचे बुडबुडे होतात व प्रवाह अडतो. म्हणून गाडी बंद पडतांच, कॉइल निवण्यापूर्वींच, ठिणगी पाहावी. डिस्ट्रिब्यूटरच्या मध्यभागांतून जाड तार काढून, कोरड्या व विद्युद्रोधक मुठीच्या पकडीनें तिचें टोंक इंजिनाच्या उघड्या लोखंडापासून पाव इंच अंतरावर धरावें, आणि दुसऱ्यानें इंजिन फिरवावें. निळी, कडकडणारी ठिणगी पडली तर कॉइल निर्दोष समजून पेट्रोलच्या मार्गाकडे वळावें. पिवळसर, केविलवाणी ठिणगी पडली किंवा मुळींच पडली नाहीं, आणि गाडी निवल्यावर तीच ठिणगी पुन्हां जोमानें पडूं लागली, तर संशय कॉइलवर पक्का होतो. हा प्रयोग पेट्रोलचा वास येत असतां मुळींच करूं नये. आणि ज्यांच्या छातींत हृदयाचे ठोके नियमित ठेवणारें यंत्र बसविलें आहे त्यांनीं तो दुरूनच पाहावा.

तापलेली कॉइल दगा कां देते, तेंहि ध्यानांत घ्यावें. तांब्याचा विजेला होणारा विरोध उष्णतेबरोबर वाढतो; दर अंशाला शेंकडा सुमारें ०.४ या प्रमाणानें. तीस अंशांवरची कॉइल शंभर अंशांवर गेली कीं हा विरोध सव्वापट होतो, प्रवाह तितका घटतो व ठिणगी दुबळी होते. पण खरें संकट याहून वेगळें. तारेवरचें रोगणाचें पातळ आवरण उष्णतेनें हळूहळू जळतें, आणि मोठ्या दाबाची वीज प्लगापर्यंत जाण्याऐवजीं आंतल्या आंतच आडवाटेनें निघून जाते. कधीं केंसासारखी तार आंत तुटलेली असते. गार असतां तिचीं टोंकें टेकलेलीं राहतात, तापून पसरतांच विलग होतात. निवल्यावर पुन्हां टेकतात! पाऊण तासाच्या विश्रांतीनें गाडीला आलेला हुरूप याच कारणाचा असतो. आंत तेल भरलेली कॉइल फार तापली तर तेल प्रसरण पावून सांध्यांतून पाझरतें, क्वचित् डबा फुटतोहि. फोर्ड 'ए'मध्यें कॉइल जेथें बसवितात त्या पडद्याच्या लगत मागेंच पेट्रोलची टाकी आहे, हें लक्षांत घेतलें म्हणजे ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाहीं हें कळून येईल.

आतां उष्णतेचा हिशेब. तो सोपा आहे. ओहम या जर्मन शास्त्रज्ञानें १८२७ सालीं सांगितलेल्या नियमाप्रमाणें दाबाला विरोधानें भागलें कीं प्रवाह निघतो. सहा व्होल्टच्या कॉइलच्या जाड वेटोळ्याचा विरोध साधारणतः दीड ओहम असतो. सहाला दीडनें भागलें, चार आले. म्हणजे चार अँपियर प्रवाह. दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला कीं दर सेकंदास उत्पन्न होणारी उष्णता मिळते: सहा चोक चोवीस, म्हणजे २४ वॅट. आतां याच दीड ओहमच्या कॉइलला बारा व्होल्टची बॅटरी जोडावी. प्रवाह आठ अँपियर झाला; आणि उष्णता? बारा आठे शहाण्णव, म्हणजे ९६ वॅट! दाब दुप्पट केला, पण उष्णता दुप्पट झाली नाहीं, चौपट झाली. इंजिन चालू असतां पॉइंट कांहीं काळ उघडे राहतात, त्यामुळें प्रत्यक्षांतली उष्णता याहून कमी असते. परंतु एकास चार हें प्रमाण ढोबळ मानानें तसेंच राहतें. वॅट म्हणजे काय हें ज्यांस डोळ्यांपुढें आणावयाचें असेल त्यांनीं जुन्या पद्धतीचा, तारेचा शंभर वॅटचा दिवा आठवावा. असा दिवा बंद डब्यांत कोंडून ठेवला तर डबा किती तापेल!

तेव्हां शोधाचा क्रम असा असावा. प्रथम बॅटरी किती व्होल्टची आहे तें पाहावें. मग किल्ली बंद करून कॉइलच्या दोन लहान टोंकांच्या तारा सोडाव्या आणि मल्टिमीटरनें त्या दोन टोंकांमधील विरोध मोजावा. मोजण्यापूर्वीं मीटरच्या दोन सळया एकमेकींस टेकवून त्यांचा स्वतःचा विरोध पाहावा व तो वजा करावा. कारण दीड ओहम मोजतांना दोन-तीन दशांशांची चूकहि मोठी ठरते. सहा व्होल्टच्या गाडीला दीड ओहमची कॉइल योग्य. बारा व्होल्टच्या गाडीला, बाहेर वेगळा रोधक नसेल तर, तीन ओहमची. येथेंच बहुतेकांची फसगत होते. बारा व्होल्टच्या कॉइल दोन जातींच्या असतात. एक तीन ओहमची, स्वयंपूर्ण. दुसरी दीड ओहमची, जिच्या वाटेवर दीडएक ओहमचा निराळा रोधक बसविलाच पाहिजे अशी. दोहोंवर "बारा व्होल्ट" हेंच छापलेलें असतें. "बाहेरील रोधकासह वापरावी" ही सूचना बारीक अक्षरांत असते, आणि कित्येकदां डबा रंगवितांना तीहि झांकून जाते.

आतां त्या पुण्याच्या घराकडे पुन्हां वळावें. गाडी विकण्याचें ठरलें. घेणारा रविवारीं यावयाचा होता. शनिवारीं दुपारीं कॉलेजांत शिकणारी नात गाडी पुसावयास म्हणून आंत बसली आणि तिनें सहज किल्ली फिरविली. इंजिन बंदच होतें. चालकासमोरच्या फळीवर या गाडीला प्रवाहमापक असतो. मध्यें शून्य, दोन्ही बाजूंस वीसपर्यंत आंकडे. सुई घसरून उणें आठावर जाऊन थांबली.

"आजोबा, दिवे बंद आहेत, भोंगा बंद आहे. मग हे आठ अँपियर जातात कोठें?"

आजोबा काठी टेकीत आले. त्यांनीं सुईकडे बराच वेळ पाहिलें. "बाबा ही गाडी चालवीत तेव्हां सुई चारावर यायची," ते म्हणाले. "चाराच्या पलीकडे गेली कीं ते म्हणत, कोठेंतरी गळतें आहे."

मुलीनें किल्ली लगेच बंद केली, कारण इंजिन थांबलेलें असतां पॉइंट मिटलेले राहिले तर प्रवाह अखंड वाहतो. मग कागदावर बाराला आठानें भागलें. उत्तर दीड! मिस्त्रीला बोलावणें गेलें. त्यानें मीटर लावला. कॉइलचा विरोध दीड ओहमच भरला. डब्याच्या बुडाशीं साचलेलें तेल-धूळ पुसल्यावर रोधकाविषयींची ती बारीक सूचनाहि दिसली. मिस्त्री वयस्क व सरळ मनाचा होता. "तीन कॉइल मीं माझ्या हातानें बसविल्या, आजोबा," तो म्हणाला, "आणि ही सुई एकदांहि पाहिली नाहीं." पहिली कॉइल मूळची सहा व्होल्टची, दुसरी व तिसरी रोधक मागणाऱ्या जातीच्या, तिघींनाहि चौपट उष्णता सोसावी लागली. नवे पॉइंट वारंवार जळून निळे पडत होते, त्याचेंहि कारण तेंच दुप्पट प्रवाहाचें. दोष एकाहि कॉइलचा नव्हता.

उपाय दोन होते. तीन ओहमची कॉइल आणावी, किंवा आहे तिच्या वाटेवर दीड ओहमचा रोधक बसवावा. मिस्त्रीनें दुसरा पत्करला. एकूण विरोध तीन ओहम झाला, प्रवाह पुन्हां चार अँपियर. एकूण उष्णता ४८ वॅट. पण तिच्यांतील निम्मी रोधकांत उत्पन्न होते आणि कॉइलच्या वांट्यास पूर्वींसारखी २४ वॅटच येते. रोधक चिनी मातीच्या कवचांत असतो व तो तापण्यासाठींच घडविलेला असतो. मात्र त्याला उघड्या हवेंत, लोखंडी पत्र्यावर, तारा व पेट्रोलची नळी यांपासून दूर बसवावें लागतें. जोडणी बरोबर झाली कीं नाहीं हें पाहण्याची खूण अशी: किल्ली चालू, पॉइंट मिटलेले, अशा स्थितींत कॉइलच्या बॅटरीकडील टोंकापाशीं बारा नव्हे तर सहाच्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. पॉइंट उघडे असतील तर प्रवाहच वाहत नाहीं, मग मीटर पूर्ण बारा दाखवितो व उगाच घाबरगुंडी उडते. तेव्हां हँडलानें इंजिन किंचित् फिरवून पॉइंट मिटवून घ्यावे. सुईची परीक्षाहि पॉइंट मिटलेले असतांनाच खरी.

प्रत्येक घरीं हेंच कारण असेल असें नाहीं. हिशेब बरोबर असूनहि कॉइल तापत असेल तर पुढील गोष्टी क्रमानें पाहाव्या. पॉइंट पूर्ण उघडले असतां त्यांमधील फट या गाडीला ०.०१८ ते ०.०२२ इंच, म्हणजे सुमारें अर्धा मिलिमीटर हवी. फट लहान झाली कीं पॉइंट अधिक वेळ मिटलेले राहतात व कॉइलला दम घेण्यास फुरसत मिळत नाहीं. इंजिन चालू असतां बॅटरीच्या टोंकांवरचा दाबहि मोजावा. सहा व्होल्टच्या गाडींत तो साडेसातावर आणि बाराच्या गाडींत साडेचौदाच्या फार वर जात असेल तर डायनामो अतिउत्साही झाला आहे असें समजावें. कंडेन्सर आंतून जोडला गेला असेल तर पॉइंट उघडूनहि प्रवाह तुटत नाहीं. ठिणगी बंद आणि कॉइल तापत राहते. प्लगांची फट फार वाढली असेल, किंवा जाड तार मध्येंच तुटली असेल, तर विजेला नेहमींची वाट मिळत नाहीं. मग ती कॉइलच्या आंतील आवरणावरच घाव घालते. येथें ताप नसतो, पण आयुष्य घटतें. आणि कॉइल इंजिनाच्या धुराच्या नळकांड्याजवळ कोणीं हलविली असेल तर ती बाहेरच्याच उष्णतेनें भाजून निघते. तिला वाऱ्याची जागा द्यावी.

एका भ्रमाचें निरसनहि येथेंच करावें. कॉइलच्या दोन लहान टोंकांच्या तारांची अदलाबदल झाली तर कॉइल तापते असें पुष्कळ लोक सांगतात. वस्तुतः प्रवाह उलटा वाहिला तरी तितकाच वाहतो; उष्णता बदलत नाहीं. मात्र प्लगाचें मधलें, अधिक तापलेलें टोंक ऋण असेल तर ठिणगी कमी दाबानें पडते, आणि उलट जोडणीनें हा लाभ हातचा जातो. फोर्ड 'ए'ची मूळ मांडणी धन टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडण्याची होती, आणि पुढील काळच्या बहुतेक गाड्यांची याच्या उलट. म्हणून बॅटरी बदलतांना ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

वाटेंत गाडी अडलीच तर काय करावें? प्रथम गाडी रस्त्याबाहेर ढकलून सर्वांना उतरवावें व मागें खुणेची व्यवस्था करावी. किल्ली बंद करावी. गाडी बंद पडल्यावर घाबरगुंडींत किल्ली तशीच चालू राहते आणि तापलेल्या कॉइलला आणखी ताप देते, ही चूक हटकून होते. मग ओलें फडकें पिळून कॉइलच्या डब्याभोंवतीं, तारांच्या टोंकांस पाणी न लागेल अशा बेतानें गुंडाळावें. तापलेल्या डब्यावर पाणी ओतूं नये. फडक्यानें गाडी लवकर सुरू झाली तर घरीं पोंचण्यापुरती सोय झाली, आणि त्याबरोबरच रोग कॉइलच्याच बाजूचा आहे असा पुरावाहि मिळाला. पण ओल्या फडक्याच्या भरंवशावर घाट चढूं नये. कपाळावरची मिठाच्या पाण्याची घडी ताप उतरविते, रोग बरा करीत नाहीं. गाडींत आग विझविण्याचें लहान नळकांडें असणें हेंहि अशा गाडीला शोभेची नव्हे, गरजेची वस्तु आहे.

रविवारीं गाडी घेणारा आला तेव्हां ती अंगणांत उभी होती आणि इंजिन चालू होतें. तासभर चालूनहि कॉइल हाताला सोसवेल इतकीच ऊन होती. आजोबांनीं पाहुण्यास चहा पाजला आणि सौदा मोडल्याबद्दल मनापासून क्षमा मागितली. पुढच्या आठवड्यांत मिस्त्री स्वतः शेजारीं बसून गाडी दिवेघाटानें वर गेली. त्या वळणावर कोणी बोललें नाहीं, सर्वांचें लक्ष सुईकडे होतें.

जुनें यंत्र टिकवावयाचें तें केवळ सुटे भाग बदलून टिकत नाहीं. त्याच्या कर्त्यांनीं कोणत्या हिशेबानें तें घडविलें तो हिशेब समजून घेतला पाहिजे. एक भाग बदलला कीं त्याच्याशीं निगडित असलेले भाग कोणते, हें विचारलें पाहिजे. बॅटरी बदलली, दिवे बदलले, डायनामो बदलला. फक्त कॉइलला कोणीं विचारलें नाहीं, आणि तिनें तापून तक्रार केली. तिची तक्रार समोरच्या फळीवर आंकड्यांत लिहिलेली होती. ती वाचण्यास एक शांत दुपार, एक भागाकार आणि "मग हें जातें कोठें?" असा एक साधा प्रश्न एवढें पुरेसें झालें.